हाँगकाँगचा मुका टीव्ही

गुरुदत्त मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर, उरलेले तीन बहिणीकडे आणि मित्रांकडे. १९८४ च्या मे महिन्यात तो अंबरनाथ पश्चिमेला मालिनीच्या घरी टॅक्सीने आला, आणि टॅक्सीच्या टपावर दोरीने आवळलेलं एक मोठं खोकं होतं. खोक्यावर चिनी अक्षरं होती. बिल्डिंगमधली पोरंटोरं जिन्यात जमली.

"ताई, कलर आहे. वीस इंची," गुरुदत्त म्हणाला. "हाँगकाँगला घेतला. तुझी शाळा, घर, सगळं सांभाळून तू मला शिकवलंस. हा तुझा."

मालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवरा श्यामकांत ऑर्डनन्स फॅक्टरीत चार्जमन होता, घर दोन खोल्यांचं, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच टीव्ही होता, तोही तळमजल्यावरच्या आण्णांचा, काळा-पांढरा. आता रंगीत टीव्ही आपल्याकडे. गच्चीवर अँटेना चढली, वायर खिडकीतून आत आली, आणि शनिवारी संध्याकाळी सिनेमाच्या वेळेला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं येऊन बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली. आण्णा स्वतःचा सेट बंद करून वर आले.

बटण दाबलं. चित्र आलं, आणि काय चित्र! हिरवी झाडं हिरवी, नायिकेची साडी डाळिंबी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण आवाज येईना. गुरुदत्तने बटण पूर्ण फिरवलं. टीव्हीतून फक्त शूऽऽऽ असा आवाज यायला लागला, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. नायक तावातावाने काहीतरी बोलत होता, आई पदर डोळ्यांना लावत होती, आणि खोलीत नुसती वाफ. लोकांनी वीस मिनिटं कळ काढली. मग आण्णा उठले, "खाली चला, रंग नसला तरी माझा निदान बोलतो," म्हणाले, आणि खोली रिकामी झाली.

रिकामी म्हणजे अगदीच रिकामी नाही. कपाटाला पाठ लावून अंजनी बसली होती, ती तशीच बसून राहिली. ती श्यामकांतची धाकटी बहीण. तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आवाज नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्त उल्हासनगरला जाऊन कॅम्प चारमधल्या होतचंदला घेऊन आला. होतचंदचं तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बुटका, गोरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बोलायचा ते निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्याने सेटची पाठ उघडली, आत बघितलं, आणि हसला.

"ये बिमार नहीं है, ताई. परदेशी आहे. चित्राचा हिसाब त्यांचा आणि आपला एकच, म्हणून चित्र बरोबर दिसतंय. पण आवाजाची जागा वेगळी. आपलं मुंबई केंद्र आवाज सोडतं इकडे," त्याने हात एका बाजूला केला, "आणि हा बिचारा कान लावून बसलाय तिकडे. दुसरा पार्ट टाकावा लागेल. मुंबईला शोधतो. टाइम लगेगा."

गुरुदत्त ओशाळला. चार दिवसांनी त्याचं जहाज होतं, तो गेला. टीव्ही मुकाच राहिला. मालिनीने त्यावर विणलेला रुमाल घातला, पण रोज संध्याकाळी अंजनी तो रुमाल घडी करून बाजूला ठेवायची, टीव्ही लावायची, आवाजाचं बटण तळाला असायचं, आणि समोर बसायची. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, मुलाखती, सगळं बघायची.

"बघू दे बिचारीला," मालिनी म्हणायची. "रंग बघून खूश होत असेल."

*

अंजनी सतरा वर्षांची असताना तिला टीबी झाला होता. ते साल सहासष्ट. मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि ती वर्गात पहिली-दुसरी असायची. डॉक्टरांनी रोज एक अशी नव्वद इंजेक्शनं सांगितली. साठाव्या-पासष्टाव्या इंजेक्शनाला ती आईला म्हणाली, "माई, कानात रातकिडा ओरडतोय." डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर पूर्ण करा. नव्वद पूर्ण झाली. खोकला गेला, ताप गेला, वजन वाढलं, आणि रातकिडाही गेला, आणि त्याच्यामागोमाग सगळेच आवाज गेले.

तिला बोलता येत होतं. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार मोठा निघायचा, कधी नाकातून. रेशनच्या रांगेत ती काही बोलली की पोरं नक्कल करायची. मग ती 'हो' आणि 'नाही'वर आली, आणि पुढे पुढे नुसत्या मानेवर. माई सत्तर साली गेल्या. त्याच्या आदल्या वर्षीच मालिनी लग्न होऊन घरात आली होती. अंजनीशी बोलायचं म्हणजे हातवारे करायचे, हे तिने माईंकडून शिकून घेतलं. तांदळाचा डबा दाखवायचा, दोन बोटं दाखवायची. दोन वाट्या. अंजनी मान हलवायची.

मालिनी उल्हासनगरला शाळेत शिक्षिका होती. सकाळी साडेसहाला घर सोडायची. बहात्तर साली मीनल झाली, आणि तीन महिन्यांनी मालिनी पुन्हा कामावर गेली ती अंजनीच्या जिवावर. बाळ रडलेलं अंजनीला ऐकू यायचं नाही, म्हणून ती बाळाच्या पायाला दोरा बांधून त्याचं दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायची आणि स्वयंपाक करायची. बाळाने पाय झाडले की दोरा ओढला जायचा. मीनल अशी वाढली. आता ती बारा वर्षांची होती, आणि आत्याशी तिचं सगळं ठीक चालायचं, कसं ते मालिनीने कधी विचारलं नव्हतं.

घरात एक वाक्य रुळलेलं होतं. कोणी अंजनीच्या देखत काही नाजूक बोलायला लागलं आणि समोरचा बिचकला की मालिनी म्हणायची, "बोला हो, तिला कुठं ऐकू येतंय."

*

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होतचंद पार्ट घेऊन आला. संध्याकाळची वेळ. सेट भिंतीपासून ओढून तो पाठीमागे बसला. काम मागे आणि चित्र पुढे, म्हणून टीव्ही दुरुस्त करणारे समोर आरसा धरायला लावतात. मालिनी कणीक मळत होती, तिने अंजनीला खूण केली, आणि अंजनी कपाटावरचा आरसा छातीशी धरून टीव्हीसमोर उभी राहिली. मराठी बातम्या लागल्या होत्या. आवाज अर्थातच नव्हता. होतचंद मागून आरशात बघत होता, स्क्रू फिरवत होता.

मध्येच त्याचा हात थांबला. तो आरशात बघत नव्हता, आरशाच्या वर बघत होता. अंजनीच्या तोंडाकडे.

मग त्याने एक गोष्ट केली. अंजनीकडे बघून त्याने नुसते ओठ हलवले. तोंडातून श्वासही काढला नाही. अंजनीने आरसा खुर्चीला टेकवून ठेवला, आत गेली, माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि आणून त्याच्या हातात दिलं.

"पाणी हवं होतं का? मला सांगायचं ना," मालिनी कणकेचे हात घेऊन दारात आली.

"मैंने माँगा, ताई," होतचंद म्हणाला. "पर आवाज नहीं निकाला." त्याने चष्मा काढला. "ये बहनजी टीव्हीवाल्या बाईच्या बरोबर बोलतायत. ओठाला ओठ. माझी मुलगी आहे ना, सहा वर्षांची, लाजवंती, तिलाही ऐकू येत नाही. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओठ बघून समजायला शिकवा. दोन वर्षं घातली, चार शब्द आले. आणि ह्या पूरी की पूरी बातमी समजतायत!"

"काहीतरीच काय," मालिनी म्हणाली. "तिला खुणांनी कळतं थोडंफार."

"त्यांनाच विचारा."

मालिनीने विचारलं. हातवारे करायला हात उचलला, तर तो कणकेचा. म्हणून तिने नुसतंच विचारलं, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, अंजनीकडे तोंड करून, "अंजनी, टीव्हीत काय म्हणतेय ती?"

अंजनीने टीव्हीकडे बघितलं. घसा खाकरला. आवाज निघाला तो फार मोठा आणि सपाट, "भाताच्या बियाण्याची दुसरी खेप पुढच्या आठवड्यात येणार. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत. शेतकऱ्यांनी घाई करू नये."

मीनल जिन्यावरून धडाधड खाली धावली. आण्णांच्या सेटवर तेच केंद्र लागलेलं होतं. ती तशीच धापा टाकत वर आली, मागून आण्णा. "आई, तेच! बियाणं, ठाणे, रायगड, सगळं तेच! आण्णांना विचार!"

 मालिनीने कणकेचा हात कपाळाला लावला आणि कपाळावर पीठ उमटलं.

"मला माहीत होतं," मीनल म्हणाली. "आत्या माझ्याशी बोलते की. तुम्ही कधी विचारलंच नाही."

*

पुढचे तीन-चार दिवस घराला जत्रेचं रूप आलं. होतचंदचा तो पार्ट बसला नाही, टीव्ही मुकाच होता, आणि आता सगळ्यांना मुकाच हवा होता. आण्णा रोज यायचे. "अंजनीबाई, हा मंत्री काय म्हणतोय?" अंजनी सांगायची. हिंदी तिला कमी जमायचं, दाढीमिशावाला माणूस असेल तर हात हलवून नाही म्हणायची, आणि कोणी मान खाली घालून वाचायला लागला की वाक्य तुटायचं. पण समोरून बोलणारा मराठी माणूस ती बहुतेक उचलायची. काही सुटलं तर मागच्यापुढच्यावरून जोडायची. लोक माना डोलवायचे. मालिनीलाही अभिमान वाटायला लागला होता. शाळेत तिने शिक्षकांच्या खोलीत सांगितलं.

पाचव्या दिवशी शेजारच्या बनूबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागल्या. तेवढ्यात अंजनी ताटं घेऊन दारात आली. बनूबाई गप्प झाल्या. आणि मालिनीच्या तोंडून सवयीने गेलं, "बोला हो, तिला कुठं ऐकू येतंय."

अंजनी मालिनीच्या तोंडाकडे बघत होती. तिने ताटं ओट्यावर ठेवली आणि गेली.

बनूबाई पुढे काय बोलल्या ते मालिनीला समजलं नाही. दूध उतू जाऊन बर्नर विझला, बनूबाईंनीच गॅस बंद केला, तरी ती तशीच उभी. पंधरा वर्षं. या ओट्याजवळ, या घरात, अंजनीच्या समोर ती काय काय बोलली होती. हिचा कप वेगळा ठेवा. हिला पाहुण्यांत आणू नका. माई गेल्या आणि हिला माझ्या गळ्यात बांधून गेल्या. हे सगळं ती तोंड फिरवून बोलली नव्हती. तोंड फिरवायची गरजच काय होती?

आणि मग तिला ती दुपार आठवली.

त्र्याहत्तर साल होतं. मीनल वर्षाची. बदलापूरहून धर्मराज नावाचा एक गृहस्थ अंजनीला बघायला आला होता. आपल्यातलाच, गावात भाताची गिरणी, थोडी शेती, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. वय बत्तीस. ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं. "तेवढ्यानं काय होतंय," म्हणाला. चहा घेतला, बोलला, आणि निरोपाची वाट बघतो म्हणून गेला. तो गेल्यावर मालिनी श्यामकांतला म्हणाली, "ही गेली तर मीनलला कोण बघणार? माझी नोकरी सुटेल." श्यामकांत मिशीवरून बोट फिरवत बसला. मग मालिनी म्हणाली, "कळवा त्यांना. फिट येतात म्हणावं." श्यामकांतने मान खाली घातली. दोन दिवसांनी पत्र गेलं.

हे बोलणं झालं तेव्हा अंजनी त्यांच्यासमोर जमिनीवर विळी घेऊन बसली होती. वांगी चिरत होती.

*

मालिनीने श्यामकांतला सांगितलं तेव्हा तो फॅक्टरीतून येऊन पाय धूत होता. तांब्या त्याच्या हातातून निसटला.

"तिला तेव्हा येत नसेल," तो म्हणाला. "नंतर शिकली असेल."

पण त्या दिवसापासून तो अंजनीकडे पाठ करून बोलायला लागला. जेवताना तोंडापुढे हात धरायचा. मालिनीच्याही लक्षात आलं की आपणही तेच करतोय. काही बोलायचं तर खिडकीकडे वळायचं, पदर ओठांवर घ्यायचा. घरात बोलणं चालू होतं, फक्त अंजनीच्या बाजूला कोणाचं तोंड नव्हतं. आठवडाभर हे चाललं. अंजनी जेवण वाढायची, एकेकाकडे बघायची आणि सगळ्यांच्या पाठी दिसायच्या.

रविवारी सकाळी श्यामकांत बाजारात गेला होता, मीनल खाली खेळायला. अंजनीने येऊन मालिनीचे दोन्ही खांदे धरले आणि तिला आपल्याकडे वळवलं.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज मोठा होता, दोन घरं पलीकडे गेला असेल. "तुम्ही विचारा. मी सांगते."

मालिनीने ओठांवरचा पदर खाली घेतला.

"वांगी चिरत होते मी," अंजनी म्हणाली. "तुम्ही फिट म्हणालात. मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. दादाच्या मिशा दाट, त्याचं मला कधीच नीट कळत नाही. पण त्यानं मान खाली घातली. मग कळलं, बरोबर वाचलं."

"अगं, मग बोलली का नाहीस? ओरडायचंस! भांडायचंस!"

 अंजनीने एकेक शब्द जुळवला.

"बोलले असते तर तुम्हांला कळलं असतं, हिला कळतं. मग तुम्ही तोंड फिरवलं असतं. आता फिरवता तसं. मला कान एकदा गेले होते, वहिनी. पुन्हा घालवायचे नव्हते. वाईट तर वाईट, पण घरात काय चाललंय ते मला कळत होतं. मीनलला ताप आला, दादाची बढती हुकली, माई शेवटी काय म्हणाल्या. सगळं मला त्यातूनच मिळत होतं."

मालिनी तिच्या पायांशी बसली. अंजनीने तिला उठवलं नाही. थोड्या वेळाने ती भाजी निवडायला गेली.

*

त्या आठवड्यात मालिनी कोणाला न सांगता शाळा सुटल्यावर बदलापूरला गेली. काय करणार होती हे तिलाही नीट माहीत नव्हतं. खरं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. रिक्षावाल्याने गावातल्या भाताच्या गिरणीशी सोडलं. धर्मराज आता त्रेचाळीस वर्षांचा होता. केसांत भाताचा कोंडा उडालेला, खांद्यावर टॉवेल. त्याने तिला ओळखलं नाही. तिने ओळख दिली तसा तो उठून उभा राहिला, गिरणी बंद करायला लावली, आणि आतून बायकोला हाक मारली, "विठा, पाहुण्या आल्यात, च्या टाक."

विठा चहा ठेवून गेली. मालिनीने एका दमात सांगून टाकलं. फिट कधीच येत नव्हत्या. ते मी सांगायला लावलं. माझ्या नोकरीपायी.

धर्मराज टॉवेलाने हात पुसत राहिला.

"फिट येत नव्हत्या ते मला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "आमची ठमाबाई. अंबरनाथला दारोदार भाजी विकती. तुमच्याकडं रोजचं येणं तिचं. ती म्हणली, कसल्या फिट नि कसलं काय, पोर चांगली खणखणीत आहे."

मालिनीने विचारलं, "मग तुम्ही परत का नाही आलात?"

"कसा येणार? मला वाटलं, त्यांनाच मी पसंत नसंन. बिजवर माणूस, वर गावाकडचा. बाईमाणसाला तोंडावर नाही म्हणायला जड जातं, म्हणून घरच्यांनी कायतरी निमित्त काढलं. आपण परत जाऊन इच्यारायचं म्हणजे त्यांनाच अडचणीत टाकायचं." त्याने गिरणीकडे बघितलं. "त्या दिवशी तुम्ही चहा आणाय आत गेला व्हता, तवा मी त्यांना इच्यारलं, गिरणीचा आवाज लय असतो, तुम्हांला त्रास व्हईल का? इच्यारलं आन् मग जीभ चावली, ऐकू येत नाही अन् काय इच्यारतोय. तर त्या हसल्या. म्हणल्या, मला नाही, तुम्हांलाच होत असेल. मला समजलं, ह्यांना सगळं समजतंय."

म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, पाच मिनिटांत, या परक्या माणसाला ते कळलं होतं. मालिनीने चहाचा कप खाली ठेवला. 

"बऱ्या आहेत ना त्या?" धर्मराजने विचारलं. मालिनीने मान हलवली.  निघताना विठाने तिला कुंकू लावलं आणि पिशवीत नवे पोहे भरून दिले.

घरी येऊन तिने अंजनीला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. अंजनी तिच्या ओठांकडे बघत होती. दोन वाक्यांनंतर तिने हात वर केला.

"कळत नाही. ओठ थरथरतायत तुमचे. पुन्हा सांगा."

मालिनीने पुन्हा सुरुवात केली. "त्याला वाटलं..." आणि पुन्हा हनुवटी थरथरायला लागली.

"नीट सांगा, वहिनी. माझ्याकडे बघून. हळू."

तिसऱ्यांदा मालिनीने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल दाबून धरले आणि एकेक शब्द, पहिलीच्या पोरांना शिकवावा तसा, सुटा करून म्हटला. त्याला. वाटलं. तूच. नाही. म्हणालीस.

अंजनीच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग ती कधी नव्हे ते ओरडली. शब्द नव्हता तो. खालून आण्णा धावत वर आले, श्यामकांत अर्ध्या जिन्यातून पळत आला. फिटचं खोटं तिने अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं. पण तो माणूस आपल्याला नाकारून गेला नाही, आपणच नाकारलं असं समजून गेला, हे तिला कोणाच्याच ओठांवर कधी वाचायला मिळालं नव्हतं.

दोन महिने ती मालिनीशी बोलली नाही. काम करायची, मीनलशी बोलायची. मालिनी मात्र त्या दिवसापासून घरात तोंड फिरवून एक शब्द बोलली नाही. भांडायचं असलं तरी अंजनीकडे तोंड करून. श्यामकांतने कसली माफी मागितली नाही, त्याला ते जमणारं नव्हतं. पण एका सकाळी तो मोरीतून बाहेर आला तर मिशा साफ काढलेल्या. कॉलेजपासून ठेवलेल्या मिशा. वरचा ओठ पांढराफटक दिसत होता. अंजनीसमोर उभा राहून तो म्हणाला, "चहा दे." अंजनी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग तिने चहा दिला.

*

होतचंद गणपतीनंतर आला. या वेळी नेमका पार्ट सापडला होता, अर्ध्या तासात टीव्ही खणखणीत बोलायला लागला आणि मीनलने आण्णांना हाक मारली. होतचंद मात्र जाईना. दाराबाहेर जिन्यात त्याची बायको उभी होती, आणि तिच्या साडीला धरून लाजवंती.

"ताई, मला पैसे नकोत," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो मालिनीकडून अंजनीकडे वळला. "बहनजी, हिला शिकवा. आम्ही घरात सिंधी बोलतो, तुम्ही मराठी शिकवा, चलेगा. भाषा कोई भी हो, बच्ची बोले तो सही."

अंजनी त्या पोरीसमोर उकिडवी बसली. तिच्या हाताचा पंजा आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "ला-जो." पोरीने चटका बसल्यासारखा हात काढला, आणि मग स्वतःच पुन्हा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून अंजनी दुपारी एकटी कॅम्प चारला जायला लागली. रिक्षाने जायची, रिक्षावाल्याला त्या मोठ्या सपाट आवाजात पत्ता सांगायची, आणि कोणी वळून बघितलं तर बघू द्यायची. होतचंदच्या दुकानाच्या माळ्यावर वर्ग भरायचा. लाजवंतीच्या मागून एका शिंप्याची मुलगी आली, मग कल्याणहून दोघी, मग बदलापूरहून एक. १९९० पर्यंत सात जणी झाल्या. मोठ्या शाळांना असतात तसले शिक्के-परवानगी काही नव्हतं, पण लाजवंती दहाव्या वर्षी हिशोबाला बसून गिऱ्हाइकांशी मराठीत, हिंदीत आणि आईशी सिंधीत बोलायची. पुढे अंजनीने तिथेच जवळ एक खोली घेतली आणि राहायला गेली. जाताना मीनल रडली. मालिनीने थांब म्हटलं नाही. आता तो हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

माफ केलं का, हे मालिनीने कधी विचारलं नाही, आणि अंजनीने सांगितलं नाही.

एक्याण्णव सालच्या श्रावणात अंजनी घरी आली आणि म्हणाली, "वहिनी, मुलींना माझे ओठ पाठ झालेत. एक लाजो सोडली तर माझ्याशिवाय कोणाचं त्यांना कळत नाही. दुसरं तोंड पाहिजे. तुम्ही शाळेत बोलता, तुमचं तोंड स्वच्छ आहे. दर गुरुवारी या."

पहिल्या गुरुवारी मालिनी माळ्यावर गेली. वीस वर्षं वर्ग घेतलेली बाई ती, पण सात मुलींचे चौदा डोळे नुसते आपल्या ओठांवर आहेत हे तिला सहन होईना. तिने खिडकीकडे बघितलं. अंजनीने तिची हनुवटी धरून पुढे केली.

"काहीही सांगा," अंजनी म्हणाली. "सकाळी काय खाल्लंत ते सांगा."

"मी सकाळी," मालिनी म्हणाली, "पोळी खाल्ली."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. 'प', 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ एकसारखेच मिटतात, बघणाऱ्याला फरक दिसत नाही. बदलापूरची मुलगी, जिच्या घरी आई रोज रानातून लाकडं आणायची, ती डोळे विस्फारून, डोक्यावर भारा धरल्यासारखे दोन्ही हात वर नेऊन उठून उभी राहिली आणि केवढ्याने तरी ओरडली, "मोळी? बाई, मोळी खाल्ली?"

अंजनी हसायला लागली. ते हसणं इतकं मोठं होतं की खाली दुकानात होतचंद सोल्डर टाकून जिन्यापाशी आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. मुली हसत होत्या, बदलापूरची मुलगी अजून उभीच होती, उत्तरासाठी मालिनीच्या तोंडाकडे बघत. मालिनीने डोळे पुसले, तिच्यासमोर वाकली, आणि पुन्हा हळू म्हटलं.